मांडवाखालची हरळी

कोल्हापुरात लग्नसराई सुरू झाली की आमच्या टेबलावर पत्रिकांची चळत साचू लागते. पूर्वी विवाहस्थळ म्हणून ‘मंगल कार्यालय’ एवढेच छापलेले असे. आता त्याच्या जोडीला ‘लॉन्स’ हा शब्द हमखास येतो. शहराबाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने निघावे, उसाच्या फडाला लागून एखादी कमान उभी असते आणि तिच्यावर कुणाच्या आजोबांच्या किंवा कुलदैवताच्या नावापुढे ‘लॉन’ असे लिहिलेले असते. अशा ठिकाणी वधूवरांना शुभेच्छा देण्यासाठी आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. तेथे पायांखाली बहुधा हिरवी मॅट अंथरलेली असते, आणि कोणी पाहत नाही असे पाहून तिचा कोपरा उचलण्याची एक खोड आम्हांला जडली आहे. मॅटखाली कधी मुरूम असतो, कधी फरशी असते. क्वचित खरोखरीचे गवत असते, पांढुरके पडलेले. ही खोड आम्हांला कशी जडली ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या चर्चच्या दक्षिणेस ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा हिरवळीचा एक तुकडा आहे. त्यात मेक्सिकन नाही की नर्सरीवाले ज्याला ‘सिलेक्शन’ म्हणतात ते गवत नाही; ती आपली साधी हरळी आहे. हरळीइतकी दुहेरी नशिबाची वनस्पती दुसरी नसेल. शेतकरी तिला रानातून मुळासकट उपटून बांधावर वाळत टाकतो आणि तरीही ती पुढच्या पावसात हजर असते म्हणून तिला शिव्या देतो; तोच शेतकरी भाद्रपदात दूर्वा म्हणून ती गणपतीला वाहतो. सेमिनरीत असताना श्रमदानाच्या तासाला भाजीच्या वाफ्यांतून हरळी खणून काढण्याचे काम आमच्या वाट्याला येई. तिच्याविषयी आमच्या मनात त्या काळी प्रीती नव्हती हे कबूल केले पाहिजे.

या तुकड्याची निगा आमचे माळीमामा राखतात. मामा करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून सायकलीने येतात. आम्ही या धर्मग्रामात रुजू झालो त्याच्या बरीच वर्षे आधीपासून ते येथे आहेत, आणि आमची बदली झाल्यावरही राहतील. रविवारच्या मिस्सानंतर वृद्ध मंडळी या हिरवळीच्या कडेला टेकतात, धर्मशिक्षणाची मुले तिच्यावर लोळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांपलीकडे मजल मारली, तेव्हा आमच्या सभागृहात आसऱ्याला आलेल्या कुटुंबांनी पाऊस उघडताच ओली अंथरुणे वाळवली ती याच गवतावर. आणि गणेश चतुर्थीच्या पहाटे शेजारच्या गल्लीतल्या बायका फाटकाशी येतात. मामा एका कोपऱ्यातली हरळी मुद्दाम न कापता वाढू देतात आणि एकवीस-एकवीस काड्यांच्या जुड्या बांधून त्यांच्या ओटीत घालतात. आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी या देण्याला कधी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही.

पुराच्या आधीच्या एका मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाचा वर्धापनदिन आणि मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा सोहळा एकत्र करण्याचे ठरले. महागुरुस्वामी येणार होते. गोव्याहून, बेळगावहून, वसईहून पाहुणे येणार होते. ४०० खुर्च्यांचा हिशेब झाला आणि मांडव हिरवळीवर घालावा असे परिषदेत एकमताने ठरले. मांडववाले येण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा कार्यालयाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“फादर, एक सांगू काय? मांडव शाळंच्या पटांगणात घाला.”

आम्ही म्हणालो, “मामा, तिथे धूळ आहे. महागुरुस्वामी काय म्हणतील?”

“पानी मारून धूळ बसवतो की मी. खरं गवताव नगं.”

कामाच्या गडबडीत होतो. हातात निमंत्रितांची यादी होती. “गवतच ना ते मामा! पुन्हा उगवेल,” असे आम्ही बोलून गेलो. मामा क्षणभर थांबले, “बरं” म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पहारी चालू लागल्या. दीड-दीड हात खोल असे चोवीस खड्डे पडले, त्यांत वासे उभे राहिले, वर ताडपत्री ताणली गेली, खाली हिरवी मॅट पसरली. हिरव्या गवतावर हिरवी मॅट अंथरण्यातला विनोद तेव्हा कुणाच्याच ध्यानी आला नाही. सोहळ्याच्या आदल्या रात्री वळीव कोसळला. पाणी मॅटखाली शिरले, माती लोण्यासारखी झाली आणि त्या लोण्यावर सकाळी ४०० खुर्च्या बसल्या. आंब्याच्या सावलीचा कोपरा सोयीचा म्हणून आचाऱ्याने तेथे दोन भट्ट्या मांडल्या; भाताची पेज आणि तळणीचे उरलेले तेल त्याने जेथल्या तेथे ओतले. सोहळा मात्र देखणा झाला. मुले पांढऱ्या कपड्यांत देवदूतांसारखी दिसत होती. आम्ही प्रवचन केले ते पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या २०१५ सालच्या परिपत्रकावर. पृथ्वी हे आपले सामाईक घर आहे आणि आपण तिचे मालक नसून राखणदार आहोत, असे आम्ही कळकळीने सांगितले. दोन-चार जणांनी नंतर हात हातात घेऊन अभिनंदनही केले. आमच्या वहाणांखाली त्या वेळी काय चालले होते याचा विचार त्या कळकळीच्या आसपासही फिरकला नाही.

लग्नसराई ऐन भरात असल्यामुळे मांडववाल्यांची माणसे दुसरीकडे गुंतली होती. मांडव उतरायला आणखी पाच दिवस लागले. उभारणीपासून मोजले तर नऊ दिवस झाले.

मॅट गुंडाळली गेली तेव्हा आम्ही तेथे होतो. आधी वास आला, बंद कोठीत भिजलेल्या कडब्याला येतो तसा आंबूस. मग रंग दिसला. कडेला हळदीसारखा पिवळा, मध्यभागी कागदासारखा पांढरा, आणि खुर्च्यांच्या पायांनी पडलेल्या खळग्यांच्या रांगाच रांगा. भट्टीच्या जागी काळी, तेलकट वर्तुळे होती. मामा उकिडवे बसले. त्यांनी बोट मातीत खुपसून पाहिले. ते नखाच्या वर गेले नाही.

“आवं फादर,” आमच्याकडे न पाहता ते म्हणाले, “नऊ दीस! म्हशीला नऊ दीस अंधारात कोंडून, वर पोरं नाचवली असती, तर दूध दिलं असतं काय तिनं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. माणूस गवतासारखा आहे, सकाळी फुलतो आणि संध्याकाळी सुकतो, हे यशया संदेष्ट्याचे आणि स्तोत्रकर्त्याचे म्हणणे आम्ही कित्येक दफनविधींत शोकाकुल कुटुंबांना समजावून सांगितले आहे. गवत हे क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून आमच्या इतके अंगवळणी पडले होते, की ते गवतही असते हे आम्ही विसरलो होतो.

पुढे कृषी महाविद्यालयातील एका परिचित प्राध्यापकांना आम्ही आणून ती जागा दाखवली. त्यांनी सांगितले ते आमच्या प्रवचनापेक्षा अधिक उपयोगाचे होते. गवताची वाढ शेंड्याला होत नाही, बुडाशी होते. म्हणून गाय चरली, यंत्राने कापले, माणूस तुडवून गेला, तरी ते पुन्हा वर येते. एक दिवसाची गर्दी हरळीला काहीच वाटत नाही. तिला मारतात त्या तीन गोष्टी: अंधार, उबारा आणि गुदमर. हरळी उन्हाची लेक आहे, सावलीत ती रोडावते. पूर्ण झाकली की तिचे अन्न करणेच थांबते. त्यातून प्लॅस्टिकखाली उष्णता आणि ओल कोंडली की पाने उकडल्यासारखी होतात. तिसरा घाव सर्वांत खोल आणि डोळ्यांना न दिसणारा. मातीच्या कणांच्या मध्ये हवेला जागा असते, मुळे त्या हवेवर जगतात. कोरडी माती पायांचा भार बऱ्यापैकी पेलते, पण ओली माती दाबली की ती हवा बाहेर जाते आणि आपण होऊन परत येत नाही. आमच्याकडची चिकण काळी माती तर ओलेपणी दाबली आणि मग वाळली की विटेसारखी होते. “मेली नाही ती,” प्राध्यापक म्हणाले, “जमिनीखालच्या कांड्यांत साठा आहे. पण झोपेतही माणूस साठ्यावरच जगतो ना फादर! फार दिवस नाही जगत.”

हे आपल्या चाळीस फुटांच्या तुकड्याचे झाले. मोठ्यांचे मोठे असते. दिल्लीत मार्च २०१६ मध्ये यमुनेच्या पूरक्षेत्रात विश्व सांस्कृतिक महोत्सव भरला तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरणाच्या भरपाईपोटी ५ कोटी रुपये भरायला लावले. लवादाच्या तज्ज्ञ समितीने नंतर जी हानी नोंदवली, तिच्यात जमीन सपाट होऊन घट्ट दबली आहे आणि वनस्पती नाहीशी झाली आहे, याचा समावेश होता. तेही तीनच दिवसांचे कार्य होते. ते वृत्त आम्ही त्या वर्षी वाचले होते आणि आयोजकांना मनोमन दोषही दिला होता.

मामांनी दुरुस्ती सुरू केली. शेतीच्या काट्याने त्यांनी वीतभर अंतरावर भोके पाडली, सबंध तुकडाभर, रोज सकाळी दोन तास. त्या भोकांत वाळू, चाळलेला पोयटा आणि जुने शेणखत यांचे मिश्रण झाडूने सारले. भट्टीच्या जागची माती फूटभर खोल खणून बाहेर टाकली आणि नवी भरली. मृग बरसल्यावर बारीक कोंब दिसू लागले. दोरी बांधून तुकडा बंद केला गेला. रविवारची वृद्ध मंडळी पायऱ्यांवर बसू लागली. गणेश चतुर्थीच्या पहाटे बायका फाटकाशी आल्या तेव्हा मामांनी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. “औंदा न्हाई,” एवढेच ते म्हणाले. कारण सांगितले नाही. आमचे नाव त्यांनी घेतले नाही, आणि ते आम्हांला घेण्यापेक्षा जास्त लागले.

त्या पावसाळ्यात आम्ही पवित्र शास्त्र गवताच्या अंगाने वाचले असे म्हटले तरी चालेल. पाच हजारांना भोजन दिल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. पण गवत हिरवे होते हे सांगणारा एकटा मार्क, आणि तेथे पुष्कळ गवत होते हे सांगणारा योहान. वल्हांडण जवळ आला होता असेही योहानच सांगतो. म्हणजे दिवस वसंताचे, पाऊस होऊन गेलेले. प्रभूने लोकांना पन्नास-पन्नासांच्या, शंभर-शंभरांच्या पंक्तींनी बसवले. मांडव नव्हता. जेवणे झाल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करवले आणि संध्याकाळी सर्वांना निरोप दिला. पंगत बसली, उठली, जागा साफ झाली. सकाळी त्या गवतावर पुन्हा ऊन पडले असेल. इतकी वर्षे आम्ही त्या टोपल्यांवर प्रवचने केली. पंक्तीखालच्या गवताकडे लक्ष गेले नाही. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप उभारायचे होते, ते त्याला उभारू दिले गेले नाहीत, हेही त्या दिवसांत आम्हांला थोडे निराळे वाटू लागले होते. आणि निर्गम ग्रंथातला निवासमंडप! त्याच्या फळ्या वाळवंटातल्या जमिनीत पुरलेल्या नव्हत्या. वीस फळ्यांना चांदीच्या चाळीस उथळ्या, म्हणजे प्रत्येक फळीखाली दोन. त्यांवर तो उभा राही आणि उचलून पुढे नेता येई. मेखा होत्या, त्या पितळी. आजचे मांडववाले जिला बेस प्लेट म्हणतात, ती मोशेच्या कारागिरांना ठाऊक होती.

आमच्या मराठी भाषेचा मात्र येथे थोडा अडसर आहे. शुभकार्याची सुरुवात करणे याला आम्ही ‘मुहूर्तमेढ रोवणे’ म्हणतो; म्हणजे आधी खड्डा, मग कार्य. पण याच कोल्हापुरात खासबागेचे मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या आणि १९१२ साली सुरू झालेल्या त्या मैदानात जो हौदा आहे, त्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात; ती खणून मऊ करतात; पैलवान तीत उतरण्यापूर्वी ती कपाळाला लावतो. शेकडो कुस्त्या जिच्यावर होतात, ती माती कधी दगड होत नाही, कारण प्रत्येक कुस्तीमागे तिची कुणीतरी सेवा करीत असते. मातीला ताक पाजणाऱ्या या शहरात राहून आम्हांला माळ्याचे ऐकण्याची बुद्धी झाली नाही.

पुढच्या वर्षी मामांच्या मुलीचे लग्न ठरले. परिषदेत विषय निघाला आणि सर्वांनी आनंदाने ठरवले की हिरवळ त्यांना विनामूल्य द्यावी. मांडवाचा खर्चही धर्मग्राम करील. आम्हीच हा निरोप घेऊन गेलो. मनात असे होते, की यामुळे मागचे काहीसे फिटेल.

मामांनी हातातली कात्री खाली ठेवली. “लई उपकार झालं फादर,” ते म्हणाले, “खरं अजून एक पावसाळा खाऊ दे तिला. पोरीचं लगीन दारात करतो.”

लग्न त्यांच्या दारातच झाले. अंगण लहान, ऊन कडक. निम्मे वऱ्हाड गल्लीत उभे होते. मुहूर्तमेढीसाठी त्यांनी स्वतः खड्डा खणला होता आणि काढलेली माती पोत्यावर बाजूला नीट रचून ठेवली होती, परत भरायला. आम्ही अक्षता टाकल्या, जेवलो आणि परत आलो. वाटेत आमच्याशी बोलायला आलेल्या सहकारी फादरांना आम्ही फारसे उत्तर दिल्याचे स्मरत नाही.

मांडव नकोच, असा निष्कर्ष कुणी काढील म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. माणसाच्या डोक्यावरची सावली गवतापेक्षा मोलाची आहे, याविषयी आमच्या किंवा मामांच्या मनात कधीही शंका नव्हती. वळवाच्या वाऱ्यात सैल बांधलेला मांडव कोसळू शकतो. तेव्हा गवत वाचवण्याच्या नावाखाली दोर सैल सोडणे हा निव्वळ अविचार ठरेल. म्हणून पुराच्या वर्षानंतर काही काळाने पुन्हा मोठ्या कार्याचा प्रसंग आला, तेव्हा परिषदेच्या बैठकीत आम्ही मामांना बोलावले आणि खुर्ची दिली. ते प्रथम बसेनात.

ठरले ते असे. जेवणाचा मांडव आणि चूल शाळेच्या पटांगणात. हिरवळीवर फक्त मिस्साचा मांडव, तोही लोखंडी पाइपांचा. पाइपांच्या बेस प्लेटखाली प्लायवुडचे रुंद तुकडे, म्हणजे भार एका जागी रुतणार नाही. खुंटे ठोकण्याऐवजी दोर पाण्याने भरलेल्या पिंपांना बांधायचे. २०० लिटरचे एक पिंप म्हणजे २०० किलोचे ओझे, आणि कार्य संपल्यावर तेच पाणी गवताला. पिंपे किती लागतील हे मांडववाल्याने वाऱ्याचा अंदाज घेऊन सांगायचे. त्यात काटकसर नाही. दहा दिवस आधी गवत थोडे उंच ठेवायचे, खत घालायचे नाही, आणि तीन दिवस आधी पाणी तोडायचे म्हणजे माती टणक राहील. प्लॅस्टिकची मॅट नाहीच. येण्याजाण्याच्या वाटेवर तेवढा काथ्या, तोही कार्याच्या पहाटे अंथरून दुपारी उचलायचा. सर्वांत महत्त्वाची अट मांडववाल्याच्या कागदावर आम्ही स्वतः लिहिली: आदल्या संध्याकाळी उभारणी, कार्याच्या रात्री उतरणी. त्याने थोडे जादा पैसे मागितले. ते आम्ही दिले, आणि फुलांच्या कमानीतून कापले. काही भगिनी नाराज झाल्या.

त्या रात्री साडेअकरापर्यंत पाइप उतरत होते. मामा गावी गेले नव्हते. वहाणा काढून ते गवतावरून अनवाणी फिरत होते, पायाला जेथे खळगा लागेल तेथे थांबत आणि काट्याने माती हलकेच उकरून ठेवीत. आम्ही विजेरी धरून त्यांच्यामागून चाललो होतो. त्यांनी आम्हांलाही वहाणा काढायला लावल्या. गवत थंड होते आणि किंचित ओले.

भट्टीच्या जागी मात्र नवी माती घालूनही हरळी धरली नाही. खोल गेलेले तेल पुन्हा वर येत असावे. मामांनी शेवटी तेथे आणखी खणून अनंताचे झाड लावले. ते आता कमरेएवढे झाले आहे. कोणतेही कार्य ठरले की नवा आचारी आवाराची पाहणी करतो, आंब्याच्या सावलीशी येऊन थांबतो आणि म्हणतो, भट्टीला ही जागा झकास आहे, हे झाड तेवढे हलवता येईल का? मामा त्याच्याशी वाद घालत नाहीत. “फादरांस्नी इचारा,” असे म्हणून ते आपल्या कामाला लागतात, आणि आचारी आमच्या कार्यालयाच्या दिशेने येऊ लागतो.